स्टीलचे ग्रॅब बार बसवले त्याचा रिव्ह्यू: दांडा नंतर घ्या, भिंत आधी ठोकून बघा

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर संडास-बाथरूममध्ये स्क्रूने भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा ग्रॅब बार, म्हणजे उठता-बसताना धरायचा दांडा, पाहिजेच पाहिजे, पाचपैकी पाच. तोच बार सक्शनवाला असेल, म्हणजे रबरी कप दाबून टाइलला चिकटवायचा, तर पाचपैकी शून्य, कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. आणि ज्या ऑनलाइन कंपनीकडून आम्ही फिटिंगसकट मागवले त्यांच्या फिटिंगला पाचपैकी एक, तो सुद्धा माणूस सांगितलेल्या वेळेला आला म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या माणसाकडून होऊ शकतं आणि ते टाळायचं कसं हे जास्त महत्त्वाचं आहे.

घर आमचं ठाण्यात, ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, संडास वेगळं बाथरूम वेगळं. सासरे, म्हणजे नाना, ८२ वर्षांचे आणि सासूबाई, म्हणजे आई, ७६. दोघं हिंडतेफिरते आहेत, नाना रोज तलावपाळीला चक्कर मारून येतात. पण खालच्या मजल्यावरच्या आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्या खाली बाकावर येऊन बसायच्या त्या यायच्या बंद झाल्या ते झाल्याच. तेव्हाच आम्ही ठरवलं की आपल्याकडे कोणी पडायची वाट बघायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे जातात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हेच कारण, आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. तरी आपल्याकडे "पाय घसरला हो, वयच झालं" म्हणून विषय संपतो, याचा मला खरंच राग येतो.

आता बारबद्दल. आम्ही घेतले चार: कमोडच्या बाजूला १८ इंची आडवा, कमोड ओट्यावर आहे त्याच्या पायरीपाशी १२ इंची उभा, बाथरूमच्या दारात १२ इंची उभा आणि आंघोळीच्या जागी एक आडवा. ३०४ ग्रेड स्टील, जाडी साधारण ३२ मिलिमीटर. बारीक २५ मिलिमीटरचे पण मिळतात, ते लहान मुठीला बरे वाटतील असं वाटतं पण सांधेदुखीच्या हाताला बारीक दांडा घट्ट धरायला जास्त जोर लागतो, आईंनी दुकानात दोन्ही धरून बघितले आणि जाड पसंत केला. (हो, ऑनलाइन मागवण्याआधी दुकानात जाऊन हातात धरून बघा, ज्यांना वापरायचाय त्यांना घेऊन जा.) गुळगुळीत चकचकीत बारपेक्षा ज्याच्यावर बारीक खरखरीत आटे पाडलेले असतात तो घ्या. साबणाचा हात चकचकीत स्टीलवरून सर्रकन सुटतो, खरखरीतवर सुटत नाही. त्या आट्यांमध्ये मळ साठतो हे खरं, आठवड्याला जुन्या टूथब्रशने घासावं लागतं, पण चालेल. फक्त फरशी धुवायचं अ‍ॅसिड त्या स्टीलवर उडू देऊ नका, ३०४ असलं तरी डाग पडतात आणि कडेने गंजायला लागतं. स्टील खरं आहे का हे बघायला लोहचुंबक लावून बघतात, ३०४ ला सहसा चिकटत नाही, अगदी पक्की परीक्षा नाही ती पण लोखंडावर मुलामा दिलेला स्वस्तातला बार तेवढ्याने लगेच कळतो.

अजून एक बघायचं ते बार आणि भिंत यांच्यामधली जागा. दीड इंच पाहिजे, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर. अमेरिकेतल्या नियमात हेच माप दिलंय आणि त्यामागे कारण आहे, त्यापेक्षा जास्त फट असेल तर तोल जाताना हात मनगटापर्यंत आत घुसून अडकू शकतो आणि कमी असेल तर बोटं नीट वळत नाहीत. त्याच नियमात बारने निदान ११३ किलोचा जोर सहन केला पाहिजे असंही आहे. आता हे ११३ किलो म्हणजे नुसत्या बारचं नाही, बार, स्क्रू, गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात तो तुकडा) आणि भिंत सगळ्यांचं मिळून. बार सगळेच सहन करतात. मोडतं ते भिंतीकडून.

आणि इथेच कंपनीच्या माणसाने घोळ घातला. आला, ड्रिल काढलं, पाकिटात बारबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या गिट्ट्या काढल्या, भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, फोटो काढला, सही घेतली, गेला. भिंत कसली आहे हे विचारलं नाही, टाइल ठोकून बघितली नाही, दोन बारच्या मध्ये पाइप जातो का हे विचारलं नाही. माझ्या नवऱ्याने संध्याकाळी दोन्ही हातांनी बार धरून पूर्ण वजन टाकलं तर संडासातला आडवा बार एका टोकाला हलायला लागला, टाइलमागून वाळू गळायला लागली. नानांनी तोपर्यंत तो धरला नव्हता हे नशीब. कंपनीला फोन केला तर म्हणाले बारमध्ये डिफेक्ट नाही, भिंतीची गॅरंटी आम्ही देत नाही. बरोबरच आहे त्यांचं त्यांच्या जागी, पण मग भिंत न बघता बसवता कसं हो तुम्ही? ज्याच्यावर ८२ वर्षांचा माणूस भार टाकणार आहे ती वस्तू म्हणजे कपडे अडकवायचा हुक नाही.

मग आमच्या गल्लीतले नेहमीचे प्लंबर काका आले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक टाइल ठोकत गेले. भरीव टाइल खणखणीत वाजते, आतून सुटलेली टाइल ढब्ब वाजते, आमच्या संडासात बरोब्बर जिथे बार लावला होता तिथल्या दोन टाइल ढब्ब होत्या. म्हणजे टाइलच्या मागे सिमेंटच नाही, पोकळी, त्या पोकळीत दीड इंची गिट्टी काय धरणार. त्यांनी बार अर्धी टाइल सरकवून भरीव जागी घेतला, मोठ्या गिट्ट्या आणि चार इंची स्क्रू विटेत पार आत घातले, जुनी भोकं बुजवली आणि बारच्या दोन्ही चकत्यांभोवती सिलिकॉन भरलं म्हणजे पाणी भिंतीत उतरून शेजाऱ्यांकडे ओल जायला नको.

तुमची भिंत कुठली आहे ते आधी माहिती करून घ्या, हे मी परत परत सांगेन. जुन्या बिल्डिंगमध्ये विटेची नऊ इंची भिंत असेल तर उत्तम, आतली साडेचार इंची असेल तरी नीट बसवला तर धरते. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी सिपोरेक्सचे ब्लॉक असतात, हलके आणि भुसभुशीत, त्यात साधी गिट्टी फिरते, तिथे त्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या किंवा केमिकल अँकर लागतात, म्हणजे भोकात आधी चिकट केमिकल भरतात आणि त्यात रॉड घट्ट धरतो. मायवान पद्धतीच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या भिंती काँक्रीटच्या, पकड एक नंबर पण ड्रिल मारायला जोरदार हॅमर मशीन लागतं आणि काही सोसायट्या त्या भिंतींना हात लावू देत नाहीत, आधी विचारून घ्या. आणि टाइलला भोक पाडताना आधी कागदी चिकटपट्टी लावून टाइलचं बिट वापरायचं, हॅमर मोड बंद ठेवायचा, टाइल पार झाली की मग विटेसाठी हॅमर. नळाच्या सरळ वर-खाली आणि गीझरच्या वायरच्या रेषेत भोक पाडू द्यायचं नाही, कन्सील पाइप, म्हणजे भिंतीच्या आत बुजवलेला, सहसा तिथूनच गेलेला असतो.

आता बार लावायचा कुठे. हे ना प्लंबर ठरवू शकत, ना पाकिटावरचं चित्र. प्लंबरला टाइलच्या रेषेत, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून, दिसायला छान असं लावायचं असतं. आम्ही वेगळं केलं. कोरड्या फरशीवर, कपड्यांसकट, आधी आईंना आणि मग नानांना सांगितलं की रोज जसं जाता तसंच जा, बसा, उठा, वळा, बाहेर या. आणि मी हातात कागदी चिकटपट्टीचा रोल घेऊन उभी राहिले, जिथे जिथे हात टेकला तिथे तुकडा लावत गेले. काय दिसलं माहितीये? आई उठताना डावा हात टाकतात तो टॉवेलच्या दांड्यावर. तो दांडा दोन बारीक स्क्रूवर लटकलेला, एक किलोचा ओला टॉवेल सोडून त्याला कशाची सवय नाही. नाना बाहेर येताना धरतात दाराची कड, म्हणजे जी वस्तू स्वतःच हलते ती. आणि दोघंही बादली उचलताना नळाची चावी धरतात. इतकी वर्षं हे रोज चाललं होतं आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मग टॉवेलचा दांडा काढून बरोबर त्याच जागी बार लावला, टॉवेलसाठी दाराच्या मागे हुक. हे फार महत्त्वाचं आहे, माणूस घाबरल्यावर हात सवयीच्या जागी जातो, नवीन जागा आठवत बसत नाही. त्यामुळे हात जातो तिथे बार गेला पाहिजे. उंचीचं पण तसंच. अमेरिकन नियमात कमोडशेजारच्या आडव्या बारची उंची ८४ ते ९१ सेंटिमीटर दिली आहे. आई चार फूट दहा इंच, कमोडवर बसल्यावर ते माप जवळजवळ खांद्यापाशी येतं, तिथून ढकलून उठायला जोरच देता येत नाही. आम्ही त्यांच्या बसलेल्या कोपराच्या थोडंसं वर घेतला. बार तिरका लावायची पण फॅशन आहे, आम्ही नाही लावला, ओला हात उतारावरून खाली सरकतो.

जुन्या बिल्डिंगवाल्यांसाठी एक खास. आमच्याकडे भारतीय पद्धतीचं संडास काढून कमोड बसवला तेव्हा खालचा पाइप तसाच ठेवायचा म्हणून कमोड सहा इंच उंच ओट्यावर बसवलाय, म्हणजे बसायला जाताना एक पायरी चढायची आणि उठल्यावर लगेच उतरायची. ठाणे-डोंबिवली-दादरच्या जुन्या घरांमध्ये हे असं पुष्कळ ठिकाणी आहे. ही पायरी सगळ्यात घातकी, कारण फरशी पण पांढरी आणि पायरी पण पांढरी, मोतीबिंदूवाल्या डोळ्याला कड दिसतच नाही. कडेला पिवळी जाड पट्टी चिकटवली आणि पायरीपाशी उभा बार लावला. नाना पहिल्यांदा म्हणाले, "घराचं हॉस्पिटल करून टाकलंस सूनबाई." मी म्हटलं, "नाना, हॉस्पिटलला जायला लागू नये म्हणूनच केलंय." काही बोलले नाहीत. आता स्वतःच पाहुण्यांना धरून दाखवतात.

सक्शनवाल्याबद्दल एवढंच सांगते की माझ्या नणंदेकडे आहे, तो संध्याकाळी घट्ट असतो आणि सकाळी हातात येतो, कारण कप आणि टाइलच्या मध्ये हळूहळू हवा जाते आणि टाइलच्या जॉइंटवर किंवा खरखरीत टाइलवर तर तो बसतच नाही. त्याच्यापेक्षा काही नसलेलं बरं, निदान माणूस जपून तरी उठतो. तिला काढून टाकायला लावलाय.

बारबरोबर अजून काही वस्तू घेतल्या त्याचं पण थोडक्यात लिहिते.

रबरी मॅट, खालून बारीक कप असलेली: गुळगुळीत टाइलवर चांगली, तीन स्टार. पण खरखरीत अँटीस्किड टाइलवर तिचे कप धरत नाहीत आणि ती स्वतःच घसरते, तिथे मुळीच घेऊ नका. रोज उचलून उभी वाळत घालायला लागते नाहीतर खाली साबणाचा चिकट थर बसतो. बाथरूम नव्याने करणारच असाल तर मॅटवर पैसे घालवू नका, टाइलच आर १० किंवा आर ११ ची मागा, हे घसरण्याविरुद्धचं रेटिंग असतं, आकडा मोठा तितकी पकड जास्त, दुकानदाराला विचारलं की कॅटलॉगमध्ये दाखवतो. आणि बाथरूमच्या बाहेर आपण ते जुन्या साडीचं नाहीतर सुती गोधडीचं पायपुसणं टाकतो ना, ते आजच्या आज उचला. खाली रबर असलेलं, कडा जमिनीला चिकटून राहणारं पायपुसणं आणा, नाहीतर काहीच ठेवू नका.

आंघोळीचं स्टूल: पाच स्टार, माझ्या मते बारच्या खालोखाल हेच. अ‍ॅल्युमिनियमचं, पायांना रबरी बूच, उंची कमीजास्त करता येते. साधं प्लॅस्टिकचं मोल्डेड स्टूल ओल्या फरशीवर सरकतं आणि जुनं झालं की पाय फाकतात. पण या स्टुलाबरोबर एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते. आपल्याकडे आंघोळ बादली-तांब्याने. स्टूल उंच झालं आणि बादली खाली जमिनीवरच राहिली तर प्रत्येक तांब्याला माणूस पुढे वाकतो, आणि स्टुलावरून पुढे वाकून पाणी घेणं हे पाटावर बसण्यापेक्षा जास्त धोक्याचं. म्हणून बादली पण उंच करा. आम्ही एका भक्कम बुटक्या स्टुलावर अर्धी भरलेली बादली ठेवतो, नळाला छोटा पाइप लावलाय, बादली उचलायचा प्रश्नच नाही.

सेन्सरचे दिवे: चार स्टार. माणूस हलला की आपोआप लागतात, चार्जिंगचे आहेत. ते डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पायाखाली अंधारच राहतो. पलंगाच्या खाली आणि पॅसेजमध्ये गुडघ्याच्या खाली लावा, पिवळा उजेड घ्या. एक स्टार कमी कारण चार्जिंग कधी संपलं कळत नाही, दर रविवारी मी सगळे एकदम चार्जिंगला लावते.

चार पायांची काठी: दोन स्टार, आमच्या घरापुरते. पॅसेज अरुंद, ते चार पाय दाराच्या चौकटीत आणि उंबरठ्यात अडकतात, जिन्याच्या पायरीवर पूर्ण मावत नाहीत. ज्यांचा पक्षाघातानंतर तोल गेलेला आहे त्यांना तिचा खूप उपयोग होतो, त्यामुळे वस्तू वाईट नाही, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. नानांना साधी एका पायाची काठी बरी पडली. उंची अशी मोजायची की चप्पल घालून ताठ उभं राहून हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी आली पाहिजे. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, बहुतेक लोक उलट धरतात. खालचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतं. आणि पावसाळ्यात नाना काठीऐवजी लांब दांड्याची छत्री टेकत जायचे, कितीतरी आजोबा जातात तसे, त्या छत्रीचं लोखंडी टोक ओल्या लादीवर टेकलं की सरळ निसटतं. छत्री डोक्यावर, काठी हातात, आणि दोन्ही झेपत नसेल तर रेनकोट.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली आहे, वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच ३००० रुपये थेट खात्यात, त्यातून काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र असं साहित्य घेता येतं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या आईसाठी फॉर्म भरलाय. आणि ज्येष्ठांसाठीची केंद्र सरकारची हेल्पलाइन १४५६७, टोल फ्री आहे, घरातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, १०८ च्या जोडीला.

आता सगळ्यात शेवटी ज्याला मी पाचपैकी सहा देईन ती घरी येणारी फिजिओथेरपिस्ट. हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं अर्धवट राहील. बार बाथरूममध्ये असतो, पण माणूस काय फक्त बाथरूममध्येच चालत नाही. देव्हाऱ्यापासून उठताना, गच्चीवर पापड वाळत घालताना, रिक्षातून उतरताना तिथे कुठे बार? तिथे पायाची ताकद आणि तोलच लागतो. आमच्या ओळखीतून एक तरुण मुलगी मिळाली, मास्टर्स केलेली, एका व्हिजिटचे ६०० रुपये घेते, आणि पहिल्याच दिवशी तिने मशीन-बिशीन काही काढलं नाही, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि आईंना म्हणाली, "आजी, हात न लावता उठून दाखवा." आई पुढे झुकल्या, परत बसल्या, परत झुकल्या, हात न टेकता उठताच येईना. रोज सहा खोल्या झाडणारी बाई. मग उठून तीन मीटर चालत जाऊन वळून परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते मोजलं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात, आईंना जास्त लागले.

व्यायाम म्हणाल तर इतके साधे की विश्वास बसणार नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल टाचेला चवडा लावून उभं राहायचं, ओट्यावर फक्त बोटं टेकवून, मग हळूहळू एकच बोट. खुर्चीतून उठ-बस. आई हे दूध तापेपर्यंत करतात, दुधावर लक्ष आणि पायाचा व्यायाम एकाच वेळी. न्यूझीलंडमध्ये ओटागो म्हणून असाच घरच्या घरी करायचा व्यायामाचा कार्यक्रम तयार झाला, त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. २०१९ मध्ये जगभरातल्या १०८ चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा व्यायामाने पडणं सरासरी २३ टक्क्यांनी कमी होतं असं निघालं. आणि घरातल्या धोक्याच्या जागा दुरुस्त करण्याचा वेगळा अभ्यास आहे २०२३ चा, त्यात २६ टक्के, आणि ज्यांना आधीच धोका जास्त आहे, म्हणजे आधी पडलेले वगैरे, त्यांच्यात ३८ टक्के. म्हणजे बार पण पाहिजे आणि पाय पण पाहिजेत. नुसतं चालायला जाणं पुरत नाही, नाना रोज चालतात तरी एका पायावर पाच सेकंद उभं राहता येत नव्हतं.

तिने अजून दोन गोष्टी केल्या ज्या आमच्या कुठल्याच डॉक्टरांनी केल्या नव्हत्या. नानांचं बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचं बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा जास्त खाली येत असेल तर चक्कर येऊन पडायची शक्यता असते. नानांचं त्याहून जास्त उतरत होतं. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी दोन्ही रात्री झोपताना, आणि रात्री लघवीला उठणं तर ठरलेलं. तिने स्वतः काही बदललं नाही, चिठ्ठीवर आकडे लिहून डॉक्टरांकडे पाठवलं, डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा आणि डोस बदलून दिला. तुम्ही पण गोळी मनाने बंद करू नका, पण आकडे घेऊन जा, आणि झोपेची गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा, तिनेही तोल जाऊ शकतो. तेव्हापासून नाना उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतात, पाय हलवतात, मगच उभे राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पडल्यावर उठायचं कसं. सतरंजी टाकून दोघांना खाली झोपवलं आणि शिकवलं: आधी घाई करायची नाही, कुठे दुखतंय का बघायचं, खुब्यात किंवा पाठीत कळ असेल तर हलायचंच नाही, हाक मारायची. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, चांगला पाय पुढे, आणि मग उठून बसायचं. आईंनी आधी तोंड फिरवलं, "अगं पडायचं कशाला शिकवतेस." पण केलं. बऱ्याच वेळा माणसाला लागलेलं कमी असतं आणि उठता येत नाही म्हणून तासन्‌तास फरशीवर पडून राहिल्याने हाल जास्त होतात. बाथरूमची आतली कडी पण आम्ही काढली, बाहेरून उघडता येईल असं लॅच लावलं.

या सर्व्हिसमधला एकच तोटा, ती सांगून जाते ते रोज करून घ्यायला घरात कोणीतरी मागे लागावं लागतं. आमच्याकडे माझी मुलगी लागते, शाळेतून आली की, "आजी, ओटा झाला का आज?" आता आई हात न लावता उठतात, सलग पाच-सहा वेळा. आणि एकदा पडलेल्या माणसाची परत पडायची शक्यता दुप्पट असते, म्हणून तुमच्याकडे कोणी आधी पडलं असेल आणि काही लागलं नसेल तरी डॉक्टरांना सांगा, बहुतेक म्हातारी माणसं सांगतच नाहीत, मुलं चालणं-फिरणं बंद करतील या भीतीने.

खर्चाचं विचारणार तुम्ही, तर चार बार, स्टूल, दिवे, मॅट, प्लंबर काकांची मजुरी सगळं मिळून आठ हजारांच्या आत झालं, त्यात कंपनीचं फिटिंग चार्ज धरून, जे वायाच गेलं. नुसते बार घेऊन ओळखीच्या प्लंबरकडून बसवले असते तर अजून कमी. बसवल्यावर घरातल्या तरण्या माणसाने आधी पूर्ण वजन टाकून ओढून बघा आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत ओढून बघा, हलला तर त्याच दिवशी दुरुस्त करा. बारवर ओले कपडे वाळत घालू देऊ नका, धरायच्या वेळेला हात कपड्यावर पडतो आणि कपडा घेऊन खाली येतो.

घरातलं झालंय, आता बिल्डिंगचा जिना राहिलाय. आमचा कठडा तळमजल्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या आधीच संपतो, म्हणजे जिथे माणूस उतरून दमलेला असतो तिथेच धरायला काही नाही, आणि तिथला दिवा पण अर्धा वेळ बंद. फॅब्रिकेटरचं कोटेशन घेतलंय आणि सोसायटीच्या येत्या मीटिंगमध्ये नाना स्वतः मांडणार आहेत.